रेस क्लबचा वार्षिक अहवाल: टोटच्या खिडकीपासून एमसीए पोर्टलपर्यंत

रेस क्लबच्या हिशेबाला हात घालणारा माणूस पहिल्या वर्षी हमखास एकाच प्रश्नावर अडतो: उलाढाल नेमकी किती? टोटच्या (टोटलायझेटर, म्हणजे सगळ्यांच्या पैजा एकत्र जमवून विजेत्यांत वाटणारी क्लबची यंत्रणा) खिडकीवर जमलेला पैसा, त्यातून क्लबला उरलेले कमिशन आणि विजेत्यांना वाटलेली रक्कम असे तीन आकडे असतात, तिघेही खरे असतात आणि तीन वेगवेगळी खाती ते मागतात. जीएसटीला पहिला हवा, नफा-तोटा पत्रकात दुसरा बसतो, टीडीएसच्या (पैसे देतानाच कापलेल्या कराच्या) विवरणात तिसऱ्याचा एक तुकडा जातो. त्यांच्यातला पूल वर्षभर रेस-दिवसागणिक बांधत गेलात तर वार्षिक अहवाल हे जुळवाजुळवीचे काम राहते. तो पूल मे महिन्यात बांधायला बसलात, तर डिसेंबरपर्यंत नोटिशींना उत्तरे देत बसावे लागते.

हा लेख महाराष्ट्रातील रेस क्लब डोळ्यांसमोर ठेवून लिहिला आहे. म्हणजे हमीने मर्यादित (सभासदांची जबाबदारी त्यांनी दिलेल्या हमीपुरती), भागभांडवल नसलेली पब्लिक कंपनी, राज्य शासनाच्या परवान्यावर मुंबई-पुण्यात शर्यती भरवणारी. रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लब याच साच्यातला. वर्ष धरले आहे २०२५-२६. ते मुद्दाम, कारण त्या एकाच वर्षात जीएसटीचा दर हंगामाच्या मधोमध बदलला आणि टीडीएसची मर्यादाही बदलली. आयकराची कलमे आणि फॉर्मचे क्रमांक १९६१ च्या कायद्यातले आहेत. १ एप्रिल २०२६ पासूनच्या व्यवहारांना २०२५ चा नवा कायदा लागू आहे, तेव्हा पुढच्या वर्षासाठी क्रमांक बदलून घ्यावे लागतील.

कोणाला काय द्यायचे

क्लबला चार दारांवर हजेरी लावावी लागते. कंपनी निबंधकाकडे, कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या (एमसीए) पोर्टलवर, ताळेबंद, संचालक अहवाल आणि वार्षिक विवरण. जीएसटी खात्याकडे मासिक विवरणे आणि वर्षअखेर जीएसटीआर-९ (वार्षिक विवरण) व ९सी (त्याची ताळेबंदाशी जुळवणी). आयकर खात्याकडे तिमाही टीडीएस, रोख व्यवहारांचे ६१ए, कर-लेखापरीक्षण अहवाल आणि विवरणपत्र. चौथे दार राज्य शासनाचे. १९१२ च्या रेसकोर्स परवाना कायद्याखाली परवाना मिळतो आणि त्याच्या अटींमध्ये जी माहिती मागितलेली असते ती द्यावी लागते. १९२५ च्या बेटिंग टॅक्स कायद्याखालचा टोट आणि बेटिंगवरचा कर १ जुलै २०१७ ला जीएसटीत विरला, पण परवाना विरला नाही. करमणुकीच्या जुन्या फायलींबरोबर परवान्याची फाइलही कपाटात ढकलली गेली असेल तर ती आधी बाहेर काढा. रेसकोर्सवरची बेट, म्हणजे पैज, जुगारबंदी कायद्यातून सुटते ती त्या परवान्याच्या आधारावरच. परवान्याची तारीख सरली असेल तर बाकीचा सगळा अहवाल हवेत लोंबकळतो.

रेस-दिवसाची फाइल

वार्षिक अहवालाचा पाया म्हणजे दर रेस-दिवसाची एक फाइल. तिच्यात काय असावे: छापील रेसकार्ड, जजने दिलेले निकाल, स्टुअर्डांचा (शर्यतीवर देखरेख करणाऱ्या पंचांचा) अहवाल, प्रत्येक पूल (एका प्रकारच्या बेटचा एकत्र जमलेला पैसा) कधी बंद झाला त्याची वेळ, स्क्रॅच (शर्यतीतून मागे घेतलेल्या) घोड्यांची यादी आणि त्यापोटी परत दिलेल्या तिकिटांचा गोषवारा, डिव्हिडंड (विजेत्या तिकिटांना वाटायची रक्कम) काढल्याचा कागद, खिडकीनिहाय रोकड पत्रक, टीडीएस रजिस्टर, पुढच्या दिवसावर ढकललेल्या जॅकपॉटचे पत्रक. हे सगळे टोटच्या सॉफ्टवेअरमधून निघते, असे म्हणून फाइल करायची टाळू नका. सॉफ्टवेअर आकडा देते, तो तसा का आला ते सांगत नाही. डेड हीट झाली (दोन घोडे एकाच वेळी पहिले आले) आणि विनचा (पहिल्या घोड्यावरच्या बेटचा) पूल दोघांत विभागला गेला, निकालावरचे ऑब्जेक्शन (हरकत) मान्य होऊन पहिला-दुसरा उलटला, गेटवर घोडा अडला आणि उशिरा मागे घेतला, यातले प्रत्येक प्रकरण दहा महिन्यांनी लेखापरीक्षकासमोर आकड्यांच्या विसंगतीच्या रूपात उगवते. त्या दिवशी स्टुअर्डांच्या अहवालाची प्रत लावलेली असली की विषय दोन मिनिटांत संपतो.

आता एक दिवस प्रत्यक्ष मांडून पाहू. आकडे समजण्यापुरते गृहीत धरले आहेत आणि क्लबची कपातही सोयीसाठी २० टक्के धरली आहे. प्रत्यक्षात ती पूलनिहाय वेगळी असते.

दिवसभरात सगळ्या पुलांत मिळून १,००,००,००० रुपयांच्या बेट लागल्या. कर ४० टक्के, तिकिटाच्या रकमेवर वेगळा घेतला. म्हणजे खिडक्यांवर आले १,४०,००,०००. दोन घोडे स्क्रॅच झाले, २,००,००० रुपयांच्या बेट परत केल्या आणि त्यांच्यावरचा ८०,००० कर परत केला. निव्वळ पूल ९८,००,०००. त्यातून २० टक्के, म्हणजे १९,६०,००० क्लबचे. वाटायला उरले ७८,४०,०००. डिव्हिडंड खाली पूर्णांकात आणल्याने सुटलेली मोड, म्हणजे ब्रेकेज, १२,०००. जाहीर डिव्हिडंड ७८,२८,०००. त्यातले ७८,००० त्या दिवशी कोणी नेले नाहीत. नेलेल्या ७७,५०,००० पैकी २०,००,००० ही रक्कम अशा तिकिटांवर होती, ज्यांची प्रत्येकी जिंकलेली रक्कम १०,००० च्या वर गेली. त्यांच्यावर ३० टक्के, म्हणजे ६,००,००० टीडीएस. हातात दिले ७१,५०,०००.

खिडक्यांवर निव्वळ आलेले १,३७,२०,००० वजा हातात दिलेले ७१,५०,०००, तिजोरीत उरले ६५,७०,०००. ते कोणाचे? जीएसटी ३९,२०,०००, टीडीएस ६,००,०००, न नेलेला डिव्हिडंड ७८,०००, कमिशन १९,६०,०००, ब्रेकेज १२,०००. बेरीज ६५,७०,०००. ही बेरीज त्याच रात्री जुळली पाहिजे. रात्री न जुळलेला फरक सकाळी सापडत नाही, तो फक्त कोणत्या तरी खात्यात लपतो.

आता पाहा: या एका दिवसासाठी जीएसटीची उलाढाल ९८,००,०००, नफा-तोटा पत्रकातले उत्पन्न १९,७२,००० आणि टीडीएस विवरणातली रक्कम २०,००,०००. हंगामातल्या सगळ्या रेस-दिवसांसाठी अशी एकेक ओळ असलेले पत्रक ठेवा. वर्षअखेर या पत्रकाच्या तीन बेरजा तीन खात्यांना जातात आणि कोणी विचारले तर मधला रस्ता तुमच्याकडे तयार असतो.

याच पत्रकात एक रकाना जॅकपॉटच्या कॅरी-ओव्हरसाठी ठेवा. कोणालाच न लागलेला जॅकपॉट पुढच्या दिवशीच्या पुलात मिळवला जातो. त्या पैशावर तिकीट विकले त्या दिवशीच कर लागून गेलेला असतो. पण टोटच्या अहवालात ‘एकूण पूल’ या मथळ्याखाली जुनी शिल्लक आणि नवी विक्री एकत्र दिसते आणि घाईत जीएसटीचा आकडा तिथून उचलला की त्याच पैशावर दुसऱ्यांदा कर भरला जातो. परतावा मागायला गेलात तर दोन वर्षे जातात. जीएसटीसाठी आकडा नेहमी तिकीट विक्रीच्या अहवालातून घ्यायचा, पूल अहवालातून नाही.

वर्ष संपते तेव्हा हंगाम चालूच असतो

हे रेस क्लबचे खास दुखणे. मुंबईचा हंगाम नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत चालतो आणि पुण्याचा जुलैच्या आसपास सुरू होऊन ऑक्टोबरच्या सुमारास संपतो. म्हणजे ३१ मार्चला मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवर घोडे पळतच असतात आणि वार्षिक सभेची शेवटची तारीख, ३० सप्टेंबर, पुण्याच्या ऐन हंगामात पडते. कंपनीला याची फिकीर नसते, हिशेबनिसाला करावी लागते.

३१ मार्चच्या रात्री या गोष्टी स्वतंत्र मोजून घ्या. न नेलेले डिव्हिडंड, तिकीट क्रमांकांसह. हे देणे आहे. क्लबच्या नियमांत दिलेली मुदत उलटल्यावरच ते उत्पन्नात घ्यायचे, त्याआधी नाही. एप्रिलमधल्या शर्यतींसाठी मार्चमध्ये आलेले एंट्री शुल्क आगाऊ रकमेत टाकायचे. मार्चमध्ये पळून झालेल्या, पण डोप चाचणीच्या निकालासाठी अडवून ठेवलेल्या स्टेक मनीची (घोड्याच्या मालकाला मिळणाऱ्या बक्षिसाची) तरतूद याच वर्षात करायची, पैसे मे महिन्यात दिले तरी. बुकींकडून (रेसकोर्सवर स्वतः बेट घेणाऱ्यांकडून) हंगामाचे परवाना शुल्क एकरकमी घेतले असेल तर नोव्हेंबर ते एप्रिल या सहा महिन्यांतला एप्रिलचा हिस्सा पुढच्या वर्षाचा. तो सरळ एक षष्ठांश धरू नका, रेस-दिवसांच्या प्रमाणात काढा. एप्रिलमध्ये रेस-दिवस कमी असतात.

बुकींच्या अनामत रकमा वेगळ्या काढा. ३१ मार्चला क्लबकडे असलेल्या ठेवी आणि ठेव न मानल्या जाणाऱ्या अनेक प्रकारच्या रकमा ३० जूनपर्यंत डीपीटी-३ मध्ये दाखवाव्या लागतात. हा फॉर्म फक्त फायनान्स कंपन्यांचा आहे असे समजून तो वर्षानुवर्षे न भरणारे कमी नाहीत.

जागेचा प्रश्नही इथेच सोडवा. महालक्ष्मीची जमीन राज्य शासनाची आणि महापालिकेची, पुण्याची संरक्षण खात्याची. भाडेपट्ट्याचे नूतनीकरण, थकबाकीचे दावे, भाडेवाढीची मागणी, यातले जे वादात आहे ते आकस्मिक देण्यांच्या टिपणीत रक्कम घालून आले पाहिजे. ‘रक्कम ठरवता येत नाही’ हे वाक्य मागणीपत्र हातात पडल्यावर चालत नाही.

जीएसटी

१ ऑक्टोबर २०२३ पासून घोडदौडीवरची बेट ‘विनिर्दिष्ट ॲक्शनेबल क्लेम’ (दावा करून मिळवता येणारा हक्क) म्हणून कायद्यात नावानिशी आली. नियम ३१ए प्रमाणे मूल्य म्हणजे बेटची पूर्ण दर्शनी रक्कम किंवा टोटमध्ये भरलेली रक्कम. कमिशनवर कर हा युक्तिवाद आता फक्त जुन्या वर्षांच्या खटल्यांपुरता उरला. लॉटरीत छापील किमतीतून कर मागे काढून मूल्य ठरते, ती सोय बेटला नाही. १०० रुपयांच्या बेटवर कर ४० रुपये. तिकिटावर बेट किती आणि कर किती हे वेगवेगळे छापलेले नसेल, तर खिडकीवर घेतलेली सगळी रक्कमच दर्शनी मूल्य धरली जाण्याचा धोका आहे. तिकिटाचा नमुना एकदा या नजरेने पाहून घ्या.

२०२५-२६ चा गुंता दराचा. २१ सप्टेंबर २०२५ पर्यंत २८ टक्के, २२ सप्टेंबरपासून ४०. हा बदल पुण्याच्या हंगामात आला. त्यामुळे सप्टेंबर महिन्याच्या जीएसटीआर-१ (विक्रीचे विवरण) मध्ये ग्राहकांच्या बेटच्या दोन ओळी हव्यात, एक २८ ची, एक ४० ची. निकष शर्यतीच्या तारखेचा नाही, तिकीट आणि पैसे कधीचे त्याचा आहे. दोन्ही २१ तारखेपर्यंतचे असतील तर जुना दर. म्हणून टोटच्या सर्व्हरवरील वेळेचा शिक्का असलेला विक्री अहवाल त्या आठवड्यासाठी वेगळा जतन करा. ९सी भरताना दरनिहाय तक्त्यात २८ आणि ४० च्या बेरजा वेगवेगळ्या सांगाव्या लागतात आणि तिथे अंदाज चालत नाही.

४० टक्क्यांत फक्त बेट येते असे नाही. रेस क्लबमधला प्रवेश, म्हणजे गेटचे तिकीट, आणि बुकींना दिलेला परवाना या दोन्ही सेवाही २८ वरून ४० वर गेल्या. प्रायोजकत्व मात्र १८ टक्क्यांवर आहे. त्यातही एक बदल आहे. १६ जानेवारी २०२५ पासून कंपनी स्वरूपाच्या संस्थेने दिलेल्या प्रायोजकत्वाच्या सेवेवरचा कर सेवा देणाऱ्यानेच, म्हणजे क्लबने, भरायचा आहे. आधी तो सेवा घेणाऱ्या कंपनीवर, म्हणजे प्रायोजकावर, उलट्या पद्धतीने (रिव्हर्स चार्ज) होता. फेब्रुवारीतल्या इंडियन डर्बीसाठी जुन्या कराराचा मसुदा पुन्हा वापरला असेल, तर ‘कर प्रायोजक भरेल’ हे कलम तसेच राहिलेले असते आणि कर क्लबच्या खिशातून जातो. करार सही होण्यापूर्वी तेवढे एक वाक्य वाचा.

बुकी आणि प्रायोजक यांची बिले नोंदणीकृत व्यक्तींना जातात, म्हणून ई-इन्व्हॉइस (सरकारी पोर्टलवर नोंदवलेले बिल) लागतो. वार्षिक एकूण उलाढाल ५ कोटींच्या वर असलेल्यांना तो बंधनकारक, १० कोटी आणि त्यावर असेल तर बिलाच्या तारखेपासून ३० दिवसांत पोर्टलवर नोंदवावा लागतो. ही उलाढाल दर्शनी मूल्याने मोजायची. कमिशनच्या आकड्याने मोजून ‘आपण १० कोटींच्या खाली’ असे ठरवणे ही नेहमीची चूक.

स्क्रॅच घोड्याच्या परताव्याबद्दल: ऑनलाइन मनी गेमिंग आणि कॅसिनोच्या मूल्य-नियमांत परत केलेली रक्कम वजा करता येणार नाही असे स्पष्ट लिहिले आहे. घोडदौडीच्या ३१ए मध्ये ते वाक्य नाही. त्याचा लाभ घ्यायचा तर परतावा कशाचा, कोणत्या तिकिटाचा, कोणत्या शर्यतीचा हे दाखवता आले पाहिजे. ‘मिसलेनियस रिफंड’ अशी दिवसाची एक ओळ टाकलेली असेल तर अधिकारी ती नाकारतो आणि त्यात त्याचे चुकत नाही.

वर्षअखेरचा क्रम असा ठेवा. आधी रेस-दिवस पत्रकाची बेरीज बारा महिन्यांच्या जीएसटीआर-१ शी जुळवा, मग जीएसटीआर-१ ला ३बी शी (कर भरण्याच्या विवरणाशी), मग खातेवहीशी. चुकांची दुरुस्ती ३० नोव्हेंबर २०२६ पर्यंतच्या विवरणांत करता येते, म्हणून ही जुळवणी ऑक्टोबरच्या आत संपवा. ३० नोव्हेंबरनंतर जीएसटीआर-९ मध्ये जादा कर कबूल करता येतो, विसरलेले क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) मात्र मिळत नाही. जीएसटीआर-९ आणि ९सी ची तारीख ३१ डिसेंबर २०२६. ९सी च्या तक्ता ५ मध्ये वरच्या ओळीला लेखापरीक्षित ताळेबंदातली उलाढाल येते, म्हणजे कमिशन. खालच्या ओळीला वार्षिक विवरणातली, म्हणजे दर्शनी मूल्य. मधला प्रचंड फरक ‘कलम १५ आणि नियमांखालील समायोजन’ या ५एम रकान्यात बसतो. तो रकाना ऐच्छिक ठेवलेला असेल त्या वर्षी ५ओ मध्ये दाखवून तक्ता ६ मध्ये कारण लिहा: नियम ३१ए प्रमाणे मूल्य. एवढे एक वाक्य न लिहिल्यामुळे तपासणीची नोटीस आलेली पाहायला मिळते. २० कोटींवर उलाढाल असलेल्यांना जीएसटीआर-९ उशिरा भरल्यास विलंब शुल्क रोज २०० रुपये, राज्यातल्या उलाढालीच्या अर्ध्या टक्क्यापर्यंत. अर्धा टक्का ऐकायला किरकोळ वाटतो, पण तो दर्शनी मूल्यावर आहे, कमिशनवर नाही.

टीडीएस

कलम १९४बीबी. घोडदौडीवर जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के. १ एप्रिल २०२५ पासून १०,००० ची मर्यादा एका व्यवहाराला लागू झाली, त्याआधी ती वर्षभराच्या बेरजेला होती. टोटच्या सॉफ्टवेअरमध्ये जुना तर्क तसाच राहिला असेल, तर पंटरच्या (बेट लावणाऱ्याच्या) वर्षभराच्या छोट्या विजयांची बेरीज करून जादा कपात झालेली असते. नवा तर्क लावला तर ९,००० चे पाच वेगवेगळे विजय कपातीतून सुटतात. सुटले म्हणजे करमाफ झाले असे नव्हे. जिंकणाऱ्याचा कलम ११५बीबी खालचा ३० टक्के कर तसाच राहतो, फक्त क्लबने कापायचा नाही. खिडकीवर हा फरक विचारणारे रोज भेटतात, तेव्हा उत्तर दोन ओळींत लिहून तिथेच चिकटवा.

पॅन नसेल तर २० टक्क्यांचा किमान दर लागतो, पण इथला दर आधीच ३० असल्याने दर बदलत नाही. बदलते ते इतकेच की कापलेला कर कोणाच्याच खात्यावर दिसत नाही आणि तो माणूस वर्षाने क्लबच्या दारात येऊन उभा राहतो. मोठ्या तिकिटाचे पैसे देताना पॅन घेणे आणि त्याच क्षणी पडताळणे हा एकच उपाय आहे. विजेता अनिवासी असेल तर त्याची नोंद निवासींच्या २६क्यू विवरणात नाही, २७क्यू मध्ये होते आणि ३० टक्क्यांवर ४ टक्के उपकर, लागू असेल तर अधिभारही लागतो. दुबई-लंडनहून सुट्टीवर आलेला माणूस मराठी बोलतो म्हणून तो निवासी ठरत नाही, विचारावे लागते.

कापलेला कर पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत, मार्चचा ३० एप्रिलपर्यंत. तिमाही विवरणे ३१ जुलै, ३१ ऑक्टोबर, ३१ जानेवारी आणि ३१ मे. प्रमाणपत्र १६ए त्यानंतर १५ दिवसांत. कापायला उशीर झाला तर महिना १ टक्का व्याज, कापून भरायला उशीर झाला तर दीड टक्का. विवरणाला उशीर रोज २०० रुपये, कापलेल्या कराच्या मर्यादेपर्यंत.

बुकीने दिलेल्या पैशांवर कापण्याची जबाबदारी बुकीची स्वतःची आहे, कलमात त्याचा वेगळा उल्लेख आहे. पण त्याच्या परवान्याच्या अटींत टीडीएस विवरणाची पावती क्लबला द्यायची अट घाला. घोड्याच्या मालकाला मिळणारे स्टेक मनी १९४बीबी मध्ये येत नाही, ते बेटवरचे जिंकणे नव्हे. ट्रेनर आणि जॉकी यांना क्लब स्वतः शुल्क देत असेल तर १९४जे (व्यावसायिक शुल्कावरचा टीडीएस) लागू होते, कारण खेळाडू आणि प्रशिक्षक त्या कलमाखाली अधिसूचित आहेत. मात्र मालकाच्या खात्यातून वजा करून क्लब नुसता पोहोचवत असेल, तर देणारा कोण हे आधी लेखी ठरवून घ्या आणि वर्षभर तेच पाळा. एका महिन्यात क्लबने कापले, दुसऱ्या महिन्यात मालकावर सोडले, असे मिश्रण सर्वांत वाईट.

रोकड. एका व्यक्तीकडून एका दिवसात, एका व्यवहारात किंवा एकाच प्रसंगासाठी २ लाख आणि त्यावर रोख घेता येत नाही. दंड घेतलेल्या रकमेइतकाच. वेगवेगळ्या खिडक्यांवरून तिकिटे घेतली तरी दिवसाची बेरीज एकच. लेखापरीक्षण लागू असलेल्या संस्थेने सेवांपोटी २ लाखांवर घेतलेली रोकड ६१ए मध्ये ३१ मेपर्यंत कळवायची असते. तिथे एक जरी नोंद गेली तरी आधीचा नियम मोडल्याची ती कबुलीच ठरते, तेव्हा आळा खिडकीवरच घातलेला बरा.

सभासदांचे पैसे करमुक्त का नाहीत

सभासदांकडून सभासदांसाठी घेतलेले पैसे करपात्र नाहीत, हे परस्परतेचे तत्त्व दर पाच-सहा वर्षांनी कोणीतरी समितीत (क्लबच्या संचालक मंडळात) नव्याने मांडतो. रेस क्लबच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने १९५३ सालीच, मुंबईच्या याच टर्फ क्लबच्या प्रकरणात निकाल दिला आहे. सभासदांची हंगामी आणि दैनिक प्रवेश तिकिटे, खासगी बॉक्सचा वापर, सभासदांच्या न पळालेल्या घोड्यांचे एंट्री आणि फॉरफिट शुल्क, या चारही रकमा करपात्र ठरल्या, कारण तो क्लबचा लोकांशी चाललेला व्यवसायच होता. विवरणपत्रात या उत्पन्नावर सूट मागायची असेल तर हा निकाल वाचून मग मागा. कर-लेखापरीक्षण अहवाल ३० सप्टेंबर, विवरणपत्र ३१ ऑक्टोबर.

कंपनी कायद्याचे वेळापत्रक

तारखा उलट्या मोजा. समजा वार्षिक सभा गुरुवार, २४ सप्टेंबर २०२६ ला घ्यायची. शनिवार-रविवार टाळले, कारण पुण्यात रेस असू शकते आणि निम्मे सभासद तिथे असतात. सूचना २१ पूर्ण दिवसांची हवी. पोहोचल्याचा दिवस आणि सभेचा दिवस दोन्ही सोडून. म्हणजे ती २ सप्टेंबरपर्यंत पोहोचलेली पाहिजे. पोस्टाने पाठवली तर ४८ तास धरावे लागतात, म्हणून ३१ ऑगस्टला पेटीत. सूचनेबरोबर ताळेबंद, लेखापरीक्षकाचा अहवाल आणि संचालक अहवाल जातात, म्हणून समितीने हिशेब मंजूर करण्याची बैठक ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात, छपाईला सवड ठेवून. त्या ठरावासाठी पब्लिक कंपनीने ३० दिवसांत एमजीटी-१४ भरायचा. हा फॉर्म सगळ्यांत जास्त विसरला जातो, कारण तो सभेच्या आधी येतो आणि सगळ्यांचे डोळे सभेनंतरच्या फॉर्मवर असतात.

सभेनंतर: लेखापरीक्षकाची नेमणूक झाली असेल तर एडीटी-१ पंधरा दिवसांत, ९ ऑक्टोबर. समितीत बदल झाला तर डीआयआर-१२ आणि हिशेबांचा एओसी-४, दोन्ही तीस दिवसांत, २४ ऑक्टोबर. वार्षिक विवरण एमजीटी-७ साठ दिवसांत, २३ नोव्हेंबर. एओसी-४ आणि एमजीटी-७ ला उशिराचे शुल्क रोज १०० रुपये, त्याला कमाल मर्यादा नाही. उलाढाल ५० कोटी किंवा त्यावर असेल तर एमजीटी-८ चे (कंपनी सचिवाचे) प्रमाणपत्र, १०० कोटी किंवा त्यावर असेल तर एक्सबीआरएल (हिशेब ठरलेल्या संगणकीय साच्यात भरणे), २५० कोटी किंवा त्यावर असेल तर सचिवीय लेखापरीक्षण. इथली उलाढाल नफा-तोटा पत्रकातली आहे, जीएसटीची नव्हे. म्हणून कमिशन निव्वळ दाखवण्याचे धोरण टिपणीत स्पष्ट लिहा आणि त्याच टिपणीत एकूण पूलही द्या. धोरण एका वर्षी निव्वळ आणि पुढच्या वर्षी ढोबळ असे बदलले, तर हे सगळे उंबरठे एकदम ओलांडले जातात.

भागभांडवल नसलेल्या कंपनीत नियमावलीने परवानगी दिली नसेल तर प्रॉक्सी (सभासदाच्या जागी मत देणारा प्रतिनिधी) चालत नाही. सूचनेत छापील नमुन्यातून ‘प्रॉक्सी नेमता येईल’ हे वाक्य तसेच आले की निवडणुकीच्या सभेत भांडण ठरलेले. गणसंख्या सभासदसंख्येवर: १,००० पर्यंत ५, ५,००० पर्यंत १५, त्यावर ३०, प्रत्यक्ष हजर. सभासदांच्या नोंदवहीत शेअरऐवजी प्रत्येकाच्या हमीची रक्कम लागते. दिवंगत सभासदांची नावे एमजीटी-७ च्या आधी काढा, संख्या तिथे विचारतात.

हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये १ एप्रिल २०२३ पासून बदलांची नोंद बंद न करता येणारी हवी आणि लेखापरीक्षक त्यावर स्वतंत्र मत देतो. टोटची यंत्रणा थेट खातेवहीत नोंद टाकत असेल तर प्रश्न तिलाही विचारला जातो. डिव्हिडंड हाताने दुरुस्त करण्याची सोय कोणाकडे आहे आणि ती वापरली तर मागचा आकडा दिसतो का, हे मार्चमध्ये तपासा, जुलैमध्ये नाही.

संचालक अहवालातला मजकूर बहुतेक ठरलेला. १४ जुलै २०२५ पासून लैंगिक छळाच्या तक्रारी किती आल्या, किती निकाली निघाल्या, ९० दिवसांहून जास्त किती प्रलंबित, शिवाय मातृत्व लाभ कायद्याच्या पालनाचे विधान द्यावे लागते. तबेल्यात काम करणाऱ्यांची गणना त्यात कशी झाली ते पाहा, बरेच सईस (घोड्यांची निगा राखणारे) ट्रेनरच्या पगारपत्रकावर असतात, क्लबच्या नाही. रेसिंगच्या भागात रेस-दिवस, शर्यती, पळालेले घोडे आणि स्टेक मनी हे चार आकडे रेस-दिवस पत्रकातूनच घ्या. पावसाने अर्ध्यात सोडलेला दिवस रेस-दिवस मोजायचा की नाही, इतर शहरांच्या शर्यतींवर फक्त बेट घेतलेला दिवस वेगळा दाखवायचा की नाही, हे एकदा ठरवून तळटीप द्या. राज्य शासनाकडे परवान्यापोटी गेलेला आकडा आणि अहवालातला आकडा वेगळा निघाला की त्याची विचारणा नूतनीकरणाच्या वेळीच होते.

जतनाची मुदत: कंपनीची पुस्तके आठ वर्षे, जीएसटीचे दस्त वार्षिक विवरणाच्या तारखेपासून ७२ महिने, वाद चालू असेल तर निकाल लागून त्यापुढे एक वर्ष. टोट पुरवणारी कंपनी बदलताना जुना तिकीट-डेटा वाचता येईल अशा स्वरूपात हस्तांतरित करण्याची अट करारातच घाला. नंतर मागितला तर त्याचे वेगळे बिल येते.